शेत, ओढा आणि नदी : म्हैसूर परिसरातील कावेरी खोऱ्याचे उदाहरण

नदीच्या प्रदूषणाचा विचार करताना कारखान्यांचे सांडपाणी आणि शहरांचे मैलापाणी या दोन गोष्टी प्रथम डोळ्यांसमोर येतात. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु नदी ही असंख्य ओढ्या-नाल्यांची मिळून बनते आणि या ओढ्यांपैकी बहुसंख्य ओढे शेतांमधून वाहतात. शेतात पडणारा पाऊस ओढ्यात उतरताना आपल्याबरोबर माती, खते, कीटकनाशकांचे अंश आणि सेंद्रिय कचरा घेऊन येतो. ओढ्याच्या काठावर झाडी आहे की पीक थेट पाण्याच्या कडेपर्यंत आले आहे, यावर त्यातील किती भाग पाण्यात मिसळणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. कर्नाटकातील म्हैसूर परिसरात जंगल, कॉफीचे मळे, तंबाखूची शेते, भातखाचरे आणि ऊस हे सर्व एकाच खोऱ्यात, तुलनेने कमी अंतरात आढळतात. त्यामुळे शेती, काठावरील वनस्पती आणि पाण्याची गुणवत्ता यांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी हा परिसर विशेष उपयुक्त ठरतो.

म्हैसूरचे पाणी

कावेरी नदी कोडगू जिल्ह्यातील तलकावेरी येथे उगम पावते. म्हैसूर शहराच्या वायव्येस तिच्यावर कृष्णराजसागर धरण आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता असताना १९११ मध्ये या धरणाचे काम सुरू झाले व १९३० च्या दशकाच्या आरंभी ते पूर्णत्वास गेले. सुमारे ४९ अब्ज घनफूट क्षमतेच्या या जलाशयात कावेरीबरोबरच हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ या नद्यांचे पाणी येते. लक्ष्मणतीर्थ ही कोडगूच्या ब्रह्मगिरी डोंगरात उगम पावून हुणसूर गावाजवळून वाहत येते. शहराच्या दक्षिणेस कबिनी ऊर्फ कपिला ही दुसरी महत्त्वाची नदी आहे. केरळातील वायनाडमधून येणाऱ्या या नदीवर हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९७४ मध्ये धरण पूर्ण झाले. पुढे नंजनगूडवरून वाहत जाऊन ती तिरुमकूडलू नरसीपूर येथे कावेरीस मिळते.

म्हैसूर शहर पिण्याचे पाणी या दोन्ही नद्यांमधून घेते. बंगळूर महानगराचा पाणीपुरवठाही प्रामुख्याने कावेरीवर अवलंबून आहे. त्या योजनेचा पहिला टप्पा १९७४ मध्ये, तर पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. बंगळूरसाठी पाणी उचलण्याचे ठिकाण दोन्ही नद्यांच्या संगमाच्या खाली आहे. म्हणजेच कोडगूच्या मळ्यांतून, हुणसूरच्या शेतांतून आणि मंड्याच्या उसाच्या पट्ट्यातून निघालेले पाणी अखेरीस कोट्यवधी लोकांच्या घरी पोहोचते. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी, वाळूचे गाळप आणि क्लोरीन या नेहमीच्या प्रक्रियांनी गढूळपणा व जंतू दूर करता येतात. मात्र पाण्यात विरघळलेले नायट्रेट या प्रक्रियांनी निघत नाही. गढूळपणा व सेंद्रिय द्रव्य वाढले तर शुद्धीकरणाचा खर्चही वाढतो. म्हणून पाणी मुळातच स्वच्छ राहील असे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

प्रदूषणाचे दोन प्रकारचे स्रोत

पर्यावरणशास्त्रात प्रदूषणाच्या स्रोतांचे दोन प्रकार मानले जातात. कारखान्याची नळी किंवा गटाराचे तोंड यांसारखा ज्याची जागा बोट ठेवून दाखवता येते तो बिंदुस्रोत होय. याउलट, विस्तीर्ण क्षेत्रावरून पावसाच्या पाण्याबरोबर पातळ थराने येणारे प्रदूषण हे विखुरलेल्या स्रोतांत मोडते. शेती हा विखुरलेल्या स्रोताचा सर्वांत मोठा नमुना आहे.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ हा आपला या विषयातील मूळ कायदा. त्याच्या कलम २४ अन्वये प्रवाहात प्रदूषक द्रव्ये सोडण्यास मनाई आहे, तर कलम २५ अन्वये सांडपाण्याचा नवा निर्गम सुरू करण्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आवश्यक ठरते. ही रचना बिंदुस्रोतांसाठी योग्य आहे. हजारो शेतांच्या बांधांवरून ओघळणाऱ्या पाण्याला मात्र संमतिपत्र देता येत नाही आणि त्याचा नमुना घेण्यासाठी नळीचे तोंडही सापडत नाही. अशा पाण्यावर काही उपाय व्हावयाचा असेल तर तो दोनच ठिकाणी होऊ शकतो : एक तर शेतात, नाही तर शेत आणि ओढा यांच्या मधल्या अरुंद पट्टीत.

शेतातून ओढ्यात काय जाते?

यातील पहिला आणि आकाराने सर्वांत मोठा घटक म्हणजे गाळ. म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिमेस हुणसूर, पिरियापट्टण आणि हेग्गडदेवनकोटे या तालुक्यांत हलक्या तांबड्या जमिनीवर पावसाच्या भरवशावर व्हर्जिनिया तंबाखू घेतली जाते. तिची लागवड मोसमी पावसाच्या तोंडाशी होते. त्या वेळी जमीन नांगरलेली व उघडी असते आणि रोपे लहान असतात. जोरदार सरींमध्ये अशा जमिनीवरील माती सहज वाहून जाते. या तंबाखूचा काठावरील झाडांशी आणखी एक संबंध आहे. तोडलेली पाने बंद भट्टीघरात उष्णता देऊन वाळवावी लागतात व त्यासाठी येथे मोठ्या प्रमाणात जळाऊ लाकूड वापरले जाते. अशा रीतीने एकाच पिकामुळे मातीची धूपही वाढू शकते आणि ती अडवणाऱ्या झाडीवर ताणही पडतो.

दुसरा घटक म्हणजे पोषकद्रव्ये. नत्र व स्फुरद ही दोन्ही पिकांची अन्नद्रव्ये असली तरी ती ओढ्यापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोहोचतात आणि हा फरक विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घेण्याजोगा आहे. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून राहतो. त्यामुळे तो मुख्यतः पृष्ठभागावरून वाहणाऱ्या गढूळ पाण्याबरोबर जातो. नायट्रेटच्या रूपातील नत्र पाण्यात विरघळतो, जमिनीत मुरतो आणि उथळ भूजलाच्या वाटेने सावकाश ओढ्यात झिरपतो. म्हणून बांध घालून माती अडवली तर स्फुरद बराच अडतो, परंतु नायट्रेट बांधाखालून निघून जाऊ शकते. ही पोषकद्रव्ये संथ पाण्यात साठली की शेवाळ आणि जलपर्णी माजतात. पुढे त्या कुजू लागल्यावर पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. या प्रक्रियेस सुपोषण असे म्हणतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे भारतीय मानक ब्यूरोचे मानक आहे. त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवू शकते.

तिसरा घटक म्हणजे सेंद्रिय द्रव्य. कोडगू हा देशातील सर्वाधिक कॉफी पिकवणारा जिल्हा आहे. ओल्या प्रक्रियेत पिकलेल्या फळांची साल यंत्राने काढली जाते व बियांवरील चिकट गर धुऊन टाकला जातो. या धुवणाच्या पाण्याची जैव-रासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजेच बीओडी, लिटरमागे हजारो मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. स्नानयोग्य नदीसाठी ही मर्यादा केवळ ३ मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घेतल्यास फरकाची कल्पना येईल. शिवाय कॉफीची तोडणी साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात होते. पाऊस थांबून ओढ्यांचे पाणी नेमके याच काळात घटू लागते. त्यामुळे असे पाणी प्रक्रियेविना सोडल्यास ते विरळ होण्यास पुरेसा प्रवाह मिळत नाही. कमी पाणी लागणारी नवी यंत्रे आणि धुवण साठवून त्यावर प्रक्रिया करणारी तळी हे यावरील मान्य उपाय आहेत. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. कोडगूची कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. त्यामुळे पालापाचोळ्याने झाकलेली तिची जमीन उघड्या शेतापेक्षा पाऊस अधिक चांगला पेलते. एकच पीक मळ्यात जमिनीचे रक्षण करते आणि प्रक्रियागृहात पाण्यास धोका निर्माण करते. शेतीला सरसकट दोष देणे किंवा सरसकट निर्दोष मानणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या का ठरतात, हे यावरून स्पष्ट होते.

भात आणि उसाचे चित्र आणखी वेगळे आहे. बांधबंदिस्त भातखाचरांत पाणी उभे राहते, गाळ खाली बसतो आणि खाचरे काही प्रमाणात पाणथळ जागेचे काम करतात. परंतु खत दिल्यानंतर लगेच जोरदार पाऊस झाला किंवा पाणी बाहेर सोडले गेले, तर तेच खाचर पोषकद्रव्यांचा स्रोत बनते. कृष्णराजसागरच्या कालव्यांवर भिजणाऱ्या मंड्या जिल्ह्यात उसाची शेती प्रदीर्घ काळापासून चालत आली आहे. कालव्याचे जादा पाणी शेतांतून निघून नाल्यांवाटे पुन्हा नदीत येते व खतांचे अंश सोबत आणते.

काठावरील झाडी काय करते?

कन्नड भाषेत ‘होळे’ म्हणजे ओढा किंवा नदी. म्हैसूरच्या पश्चिमेकडील नागरहोळे या प्रसिद्ध अभयारण्याच्या नावातच नागमोडी ओढा आहे. अर्जुनसादड्याला कन्नडमध्ये ‘होळेमत्ती’, म्हणजे ओढ्याकाठची मत्ती असे म्हणतात. अर्जुन, जांभूळ, करंज, वाळुंज आणि बांबू ही या भागातील ओढ्याकाठी आढळणारी नेहमीची झाडे आहेत. ती पाण्याच्या गुणवत्तेसाठी मुख्यतः पाच कामे करतात.

पहिले काम म्हणजे मुळांच्या जाळ्याने काठ धरून ठेवणे. यामुळे पुरात काठ ढासळत नाही. दुसरे, गवत, झुडपे आणि पालापाचोळा यांमुळे शेतातून येणाऱ्या पाण्याचा वेग मंदावतो. वेग मंदावला की गाळ खाली बसतो आणि त्याला चिकटलेला स्फुरदही तेथेच राहतो. तिसरे, झाडांची मुळे उथळ भूजलातील नायट्रेट शोषून घेतात. चौथे काम अधिक सूक्ष्म आहे. काठाची जमीन ओलसर असल्याने तिच्या खालच्या थरात प्राणवायू कमी असतो. अशा जागी राहणारे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने हवेत सोडतात. या क्रियेस विनायट्रीकरण म्हणतात. त्यासाठी जिवाणूंना लागणारे कार्बनयुक्त अन्न झाडांच्या पालापाचोळ्यातून मिळते. पाचवे, सावलीमुळे ओढ्याचे पाणी थंड राहते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांवर हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरते. सावली कमी झाली की मासे आणि जलकीटक यांच्यासाठी उपलब्ध असणारा प्राणवायूही कमी होतो.

या यंत्रणेचे बल किती, याची मोजणी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात ऱ्होड नदीच्या लहानशा पाणलोट क्षेत्रात झाली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, मक्याच्या शेतांतून काठावरील जंगलात येणाऱ्या नत्रापैकी ८९ टक्के आणि स्फुरदापैकी ८० टक्के भाग त्या जंगलातच अडला. तेथील हवामान व जमीन वेगळी असल्याने हे आकडे कावेरी खोऱ्यास जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि, अरुंद पट्टीदेखील किती मोठा परिणाम घडवू शकते, हे त्यांतून दिसून येते.

पश्चिम घाटातील निरीक्षणे

भारतातील परिस्थितीबाबत पश्चिम घाटात झालेला एक अभ्यास उद्बोधक आहे. म्हैसूरच्या वायव्येस चिक्कमगळूर भागातील कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात के. ए. सुब्रमणियन, के. जी. शिवरामकृष्णन आणि माधव गाडगीळ यांनी ओढ्यांतील कीटकांचा अभ्यास केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यातील कीटक महिनोन्‌महिने एकाच ओढ्यात राहतात. त्यामुळे त्यांची विविधता ही पाण्याच्या दीर्घकालीन प्रकृतीची नोंदच असते. काठावर नैसर्गिक निमसदाहरित जंगल असलेल्या ओढ्यांत ही विविधता सर्वाधिक आढळली. खुरटी झुडपे आणि लोहखनिजाची खाण असलेल्या काठांवर ती सर्वांत कमी होती. विशेष म्हणजे वस्ती आणि सुपारीच्या बागा असलेल्या ओढ्यांतील विविधता सदाहरित जंगलातील व गवताळ प्रदेशातील ओढ्यांपेक्षाही अधिक भरली. मनुष्याचा वावर आला की ओढा मृतच होतो असे नाही, आणि झाडांच्या छायेतील शेती व उघडी जमीन यांत मोठे अंतर आहे, हा याचा अर्थ होय.

कावेरीच्या काठावरील वनस्पतींचे सर्वेक्षणही झाले असून ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जंगलातून जाणाऱ्या काठाच्या मानाने शेतीक्षेत्रातील काठांवर वृक्षजातींची विविधता कमी असल्याचे त्यात दिसून आले. कोडगूमध्ये बाराशेहून अधिक देवराया असून त्यांना तेथे ‘देवरकाडु’ म्हणतात. परंपरेने राखलेल्या या वनखंडांत काठाच्या मूळ वनस्पतींचे बियाणे आजही मिळू शकते. काठ पुन्हा हिरवे करताना कोणती झाडे लावावीत, या प्रश्नाचे उत्तर अशा ठिकाणी शोधता येते.

मर्यादांची जाणीव

काठपट्टी हा सर्व रोगांवरचा उपाय नाही. शेताचे पाणी पातळ थराने पसरून आले तरच ती प्रभावी ठरते. तेच पाणी एखाद्या घळीत एकवटून किंवा खोदलेल्या चरातून थेट ओढ्यात उतरले, तर काठावरील झाडी त्याला अडवू शकत नाही. साठलेला स्फुरद कालांतराने पट्टीतूनही बाहेर पडू शकतो. म्हणून गवत वेळोवेळी कापून बाहेर नेणे आवश्यक असते. काठावर घाणेरीसारखी परकी झुडपे माजली तर हिरवाई दिसते, पण मूळ वनस्पतींना वाढण्यास जागा उरत नाही.

शिवाय गावाचे मैलापाणी काठपट्टीला वळसा घालून थेट गटारातून येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३२३ नद्यांवरील ३५१ प्रदूषित पट्टे निश्चित केले होते. त्यांत लक्ष्मणतीर्थ नदीचा हुणसूरजवळचा आणि कबिनीचा नंजनगूडजवळचा पट्टा समाविष्ट होता. कबिनी जलाशयाच्या दोन बाजूंना नागरहोळे आणि बंडीपूर ही जंगले आहेत. इतके वनाच्छादित पाणलोट लाभलेली नदी धरणाखाली शहर व उद्योगांच्या सान्निध्यात येताच प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आली. काठावरील झाडी सांडपाणी प्रक्रिया केंद्राची जागा घेऊ शकत नाही, हेच यावरून सिद्ध होते.

मोजमापाचा प्रश्न

वरील यादीचा निकष बीओडी हा होता. लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक बीओडी असलेला पट्टा प्रदूषित मानला गेला आणि ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास त्यास पहिली प्राथमिकता देण्यात आली. केंद्रीय मंडळाच्या वापरानुसार वर्गीकरणातही ‘अ’ वर्गासाठी, म्हणजे केवळ निर्जंतुकीकरण करून पिण्यायोग्य होणाऱ्या पाण्यासाठी, बीओडी २ मिलिग्रॅम किंवा कमी आणि विरघळलेला प्राणवायू ६ मिलिग्रॅम किंवा अधिक अपेक्षित आहे. स्नानयोग्य ‘ब’ वर्गासाठी हेच आकडे अनुक्रमे ३ व ५ आहेत.

मैलापाण्याचा माग घेण्यासाठी हे निकष उत्तम आहेत. परंतु शेतातून येणारा गाळ, नायट्रेट आणि स्फुरद यांचा माग बीओडीवरून लागत नाही. तसेच शेतीचे प्रदूषण वर्षभर समप्रमाणात येत नाही. खते दिल्यानंतरच्या पहिल्या काही मोठ्या पावसांत त्याचा मोठा भाग वाहून जातो. ठरावीक तारखेस घेतलेल्या नमुन्यात तो दिवस सापडेलच असे नाही. त्यामुळे यादीत नसलेला ओढा स्वच्छच आहे, असे अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

जमीन कोणाची, भार कोणाचा?

काठपट्टीचे शास्त्र सोपे आहे, पण तिचे अर्थकारण कठीण आहे. एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याचे शेत पन्नास मीटर लांबीत ओढ्याला लागून असेल आणि त्याने दहा मीटर रुंदीची पट्टी सोडली, तर सुमारे पाच गुंठे, म्हणजे त्याच्या जमिनीचा आठवा हिस्सा पिकाबाहेर जातो. त्याचा लाभ मात्र खालच्या गावाला आणि दूरच्या शहराला मिळतो. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, या स्थितीला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. अशा वेळी केवळ आवाहन पुरेसे ठरत नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०१५ मध्ये कायदा करून सार्वजनिक जलप्रवाहांच्या काठी सरासरी ५० फूट रुंदीची वनस्पतींची पट्टी बंधनकारक केली. तेथील शेतांचा आकार मोठा असल्याने ते शक्य झाले. भारतातील अल्पभूधारकांसाठी उत्पन्न देणारी पट्टी हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. ओढ्यालगत न नांगरलेले वैरणीचे गवत, त्यामागे बांबू, करंज, जांभूळ अशी झाडे आणि त्यानंतर पीक, अशी रचना केल्यास जमीन वाया जात नाही. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे खासगी जमिनीवरील बांबूची तोड व वाहतूक सुलभ झाली आहे.

या बाबतीत म्हैसूर परिसराजवळ एक जुना धडाही उपलब्ध आहे. पूर्वी म्हैसूर जिल्ह्यात असलेल्या आणि १९९७ पासून चामराजनगर जिल्ह्यात मोडणाऱ्या गुंडलुपेट भागातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी मृदसंधारणासाठी वाळ्याचा प्रसार सुरू केला, तेव्हा गुंडलुपेटचे उदाहरण जगापुढे आले. हद्द राखण्यासाठी लावलेले हे दाट मुळांचे गवत माती अडवण्याचेही काम करीत होते. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात उपयोग दिसला, तर ती पद्धत अनुदानाविनाही टिकते, असे हे उदाहरण सांगते.

जमिनीच्या नोंदींतही एक संधी आहे. महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटकातही लागवडीस अयोग्य भागाची पोटखराब म्हणून वेगळी नोंद होते आणि तेथे ओढ्या-नाल्यांची जागा सार्वजनिक खराब्यात धरली जाते. अनेक ठिकाणी प्रत्यक्षात या जागेवरही पीक घेतले जाते. मोजणी करून तेवढीच जागा ओढ्याला परत दिली, तरी शेतकऱ्याच्या मालकीस धक्का न लावता काठपट्टीचा आरंभ होऊ शकतो.

धोरणाची दिशा

१४ मार्च २०२२ रोजी केंद्र सरकारने वनीकरणाद्वारे १३ प्रमुख नद्यांच्या पुनरुज्जीवनाचे सविस्तर प्रकल्प अहवाल प्रसिद्ध केले. त्यांत कावेरीचा समावेश असून एकूण प्रस्तावित खर्च १९,३४२.६२ कोटी रुपये आहे. नैसर्गिक, कृषी आणि शहरी अशा तीन प्रकारच्या भूभागांसाठी वेगवेगळ्या उपाययोजना या अहवालांत सुचविण्यात आल्या आहेत. त्यांपैकी कृषी भूभागातील काम सर्वांत कठीण आहे, कारण तेथील जमीन लक्षावधी शेतकऱ्यांच्या मालकीची आहे.

खताच्या वापराबाबत २०१५ या वर्षी दोन महत्त्वाची पावले पडली. मृदा आरोग्य पत्रिका योजनेस आरंभ झाला आणि देशातील युरियाला निंबोळी तेलाचे वेष्टण सक्तीचे करण्यात आले. वेष्टणामुळे नत्र सावकाश उपलब्ध होतो व वाहून जाण्याचे प्रमाण घटते. शेतात खताची काटकसर आणि काठावर वनस्पतींची पट्टी हे दोन उपाय परस्परांस पूरक आहेत. पहिल्याने प्रदूषक कमी निर्माण होतात, तर दुसऱ्याने उरलेले अडवले जातात.

मराठी वाचकांसाठी हा विषय परका नाही. कोल्हापूर जिल्ह्यात सह्याद्रीतून उतरणाऱ्या प्रवाहांनी बनलेल्या पंचगंगेच्या खोऱ्यातही ऊस अनेक ठिकाणी पाण्याच्या कडेपर्यंत पोहोचला आहे आणि संथ पाण्यात जलपर्णी वारंवार माजते. तेथेही सांडपाण्यावरील प्रक्रियेइतकेच वरच्या ओढ्यांच्या काठांकडे लक्ष देणे गरजेचे आहे. मोठ्या नदीच्या काठावर समारंभपूर्वक झाडे लावण्यापेक्षा तिला मिळणाऱ्या लहान ओढ्यांचे काठ राखणे अधिक फलदायी आहे, कारण शेतातील पाण्याचा बहुतांश भाग प्रथम तेथेच उतरतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१अ (छ) नुसार वने, सरोवरे, नद्या व वन्यजीवन यांचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. हे कर्तव्य ओढ्याकाठच्या शेतकऱ्याचे आहे, तसेच त्या ओढ्याचे पाणी पिणाऱ्या शहरवासीयाचेही आहे. म्हणूनच काठपट्टीसाठी शेतकरी जी जमीन सोडेल, तिच्या खर्चात शहराने वाटा उचलणे न्याय्य ठरेल.